दोनदा ‘नाही’ म्हणणारे सादासान

आमच्या गावात कुणी ‘नाही’ म्हटलं तर ते खरं धरायचं नसतं. निदान पहिल्यांदा तरी नाही. चहा घेणार? नको. वर येऊन बसा की. नको, इथंच बरं आहे. पहिलं ‘नाही’ म्हणजे उंबऱ्यात चपला काढणं. ते केल्याशिवाय आत शिरता येत नाही. दुसरं ‘नाही’ म्हणताना माणूस मनातून खूश असतो. तिसऱ्यांदा विचारलं की मान खाली घालून म्हणायचं, ‘बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर...’ ज्याला तीनदा विचारलं नाही त्याला विचारलंच नाही, अशी आमची समजूत. हे आईच्या दुधाबरोबर पोटात जातं, म्हणून कुणी कुणाला शिकवत नाही. शिकवत नाही म्हणूनच पुढचा घोळ झाला. घोळ म्हणते खरी, पण त्यात माझाही हात होता, तेव्हा हा शब्द जरा सौम्यच झाला.

मी चिसे. शाळेच्या उताराखालचं दुकान माझं. रॉकेल, टोफू, खिळे, बॅटऱ्या, जे मागाल ते असतं, आणि नसलं तर गुरुवारी येतं. शाळा वर, दुकान खाली, आणि समोर ओढ्यापलीकडे याएगाशींचं घर. त्या घरातले सादायोशी, म्हणजे आमचे सादासान, यांची ही हकिगत.

याएगाशी हे त्यांचं जन्माचं आडनाव नव्हे. ते पलीकडच्या खोऱ्यातल्या एका घरातला चौथा मुलगा. उत्तर जपानात, इवातेच्या आमच्या डोंगरात घर, शेत, सगळं थोरल्याचं. बाकीच्यांना म्हणतात ‘थंड भात खाणारे’, कारण ऊन भात थोरल्यापर्यंतच पुरतो. चौथ्याच्या वाट्याला तर भांड्याची खरवडच यायची. म्हणून ते मिनेसानच्या घरी घरजावई होऊन आले, आणि आडनावही बायकोचं लावलं. आमच्याकडे म्हण आहे, घरात तीन मुठी कोंडा असला तरी घरजावई होऊ नये. सादासानच्या बापाच्या घरी तेवढाही नसावा.

घरजावयाचं सुख काय सांगायचं! सासरा जिवंत होता तोवर घरात ‘हो जी’, आणि सासरा गेला तेव्हा ‘हो जी’ची सवय झालेली. गावच्या बैठकीत ते दाराजवळ बसायचे, जिथे वारा लागतो. पंचायतीच्या रस्ते-विभागात कामाला होते. हिवाळ्यात बर्फ लोटायचं, उन्हाळ्यात खड्डे बुजवायचे. चाळीस वर्षं गाव त्यांनी बुजवलेल्या खड्ड्यांवरून सुखानं गेलं आणि एकानंही विचारलं नाही की सादायोशी, तुला काय वाटतं?

मात्र वर्षातला एक दिवस त्यांचा होता. मे महिन्यातला शेवटचा रविवार, शाळेचा क्रीडादिन. शाळेचा म्हणजे गावाचाच. मुलं धावतात, आईबाप धावतात, म्हातारेही गळाला कागदी मासे लावून पळतात. वरची वाडी लाल, खालची वाडी पांढरी. आणि सगळ्या शर्यती सुरू करायच्या सादासाननी. पांढरी टोपी, पांढरे हातमोजे, लाकडी खोक्यावर ताठ उभे, हातात टिकल्यांचं पिस्तूल. पोरं त्यांना ‘पिस्तूल-आजोबा’ म्हणायची.

“जागेवर!” ते ओरडायचे. तो आवाज त्यांच्या छातीत कुठे लपलेला असायचा कोण जाणे. एरवी दुकानात बॅटऱ्या मागितल्या तरी मला दोनदा विचारावं लागायचं. मग, “तयार!” आणि मग थांबायचे. रेषेवरच्या प्रत्येक पोराचा अंगठा स्थिर होईपर्यंत थांबायचे. तेवढा वेळ तीनशे माणसं श्वास धरून एका घरजावयाकडे बघत असायची. सरपंचसुद्धा. मग ठो!

हे काम त्यांना मिळालं ते तीनदा विचारूनच. तेव्हाचे मुख्याध्यापक पहिल्या दिवशी त्यांच्या ओसरीवर गेले, दुसऱ्या दिवशी शेताच्या बांधावर, तिसऱ्या दिवशी आत चहाला. तेव्हापासून दर एप्रिलला तोच विधी. ओसरीवर नाही, बांधावर नाही, चहावर हो. मुख्याध्यापक दर तीन-चार वर्षांनी बदलतात, पण जाणारा येणाऱ्याच्या कानात सांगून जायचा, ‘पिस्तुलासाठी तीन खेपा घाला आणि घेवड्याच्या गोड वड्या न्या.’ अशी एकोणचाळीस वर्षं गेली. चाळीस झाली की आपण होऊन सोडणार, असं सादासाननी मिनेसानला सांगितलं होतं, आणि मिनेसाननी मला. “एकच राहिलंय बाई,” त्या म्हणाल्या होत्या. “चाळीस म्हटलं की कसं भरल्यासारखं वाटतं.”

त्या वर्षी जुने मुख्याध्यापक फेब्रुवारीतच आजारी पडून शहराच्या दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत. नवे आले मोरिओका शहरातून. कुवाजिमा नावाचे, पंचेचाळिशीचे, स्वच्छ चष्म्याचे. त्यांच्यासाठी ठेवलेल्या कागदात बॉयलर कसा पेटवायचा ते होतं, अस्वल दिसलं तर कुणाला फोन करायचा ते होतं. तीन खेपांचं नव्हतं.

एप्रिलच्या अखेरीस ते याएगाशींकडे आले तेव्हा मी तिथेच होते, रॉकेलचा डबा पोचवायला गेलेले. कुवाजिमांनी ओसरीशी उभं राहून छान वाकून नमस्कार केला.

“याएगाशीसान, यंदाही शर्यती सुरू करायला याल का?”

“छे छे, आता कसलं!” सादासान हसले. “हात कापतात माझे. एखादा तरुण बघा, साहेब.”

किती नेमकं बोलले! गेली एकोणचाळीस वर्षं ते हेच म्हणत आले होते. ‘हात कापतात’ तर बेचाळिसाव्या वर्षीही म्हटलं होतं. आतून मिनेसान मला खुणेनं म्हणाल्या, आज पहिला दिवस.

कुवाजिमांचा चेहरा आधी पडला, मग हलका झाला. “समजलं,” ते म्हणाले. “तुम्हाला त्रास द्यायची माझी मुळीच इच्छा नाही. इतकी वर्षं केलंत, शाळा तुमची ऋणी आहे.” आणि आणखी खोल वाकले. काखेत वही होती, तिच्यात त्यांनी काहीतरी लिहिलं. ते लिहिणं मला आवडलं नाही. सादासान मात्र हसतच होते; त्यांना वाटलं, उद्याची वेळ लिहून घेतायत.

तासाभरानं कुवाजिमा माझ्या दुकानात आले. बिस्किटं घेतली, घोटाळले आणि म्हणाले, “चिसेसान, तुम्ही होतात तिथे. मला जरा चुटपुट लागलीय. ते खरंच थकलेत का? की मी आणखी एकदा विचारायला हवं?”

देवानं संधी द्यायची तर आणखी कशी द्यायची? बिचाऱ्यानं उत्तरासकट प्रश्न विचारला होता. मी फक्त म्हणायचं होतं, ‘अहो, अजून दोनदा जा.’

मी म्हटलं, “एक्क्याऐंशी वय झालंय त्यांचं.”

यात खोटं काही नाही. एक्क्याऐंशीच होतं. अक्षरनअक्षर खरं बोलून माणूस केवढी लबाडी करू शकतो हे मला त्या दिवशी कळलं, आणि लाज वाटण्याऐवजी, खरं सांगते, मला बरं वाटलं.

का बरं वाटलं तेही सांगते. अठरा वर्षांपूर्वी माझा शुहेई सहावीत होता. शाळेतलं शेवटचं वर्ष. त्याच्याइतकं वेगानं पळणारं पोर दोन्ही वाड्यांत नव्हतं. मी पहाटे चारला उठून अंड्याच्या वळकट्या केल्या, कोंबडी तळली, गोड टोफूच्या पिशव्यांत भात भरला, पंधरा माणसांचं जेवण तिघांसाठी. सहावीच्या शर्यतीत शुहेई पिस्तुलाआधी सुटला. सादासाननी परत बोलावलं. दुसऱ्यांदाही सुटला. त्यांनी दुसरी टिकली उडवली, खोक्यावरून उतरले, आणि माझ्या पोराला खांद्याला धरून रेषेबाहेर नेऊन बसवलं. दोनदा सुटला की बाद. सगळ्या गावासमोर! पोरानं दुपारी एक घास खाल्ला नाही. संध्याकाळी सादासान ओढ्यातले चार मासे घेऊन आले. “चिसे, नियम तो नियम गं,” म्हणाले आणि इतके वाकले की टोपी पडली. मी मासे घेतले, आभार मानले, आणि ते ओढा ओलांडायच्या आत मांजरीला घातले.

पुढे शुहेईनंच मला सांगितलं, “आई, मी खरंच आधी सुटलो होतो. दोन्ही वेळा.” तो विसरला. सेंदाईला नोकरीला गेला, नवीन वर्षाला कधी येतो, कधी नाही. मी विसरले नाही. पोर दुरावल्याचा राग काढायला मला कुणीतरी समोर राहणारं माणूस हवं होतं, आणि सादासान ओढ्यापलीकडेच राहत होते.

तर दुसरा दिवस. सादासान सकाळपासून रस्त्याकडेच्या बांधावर. तिथे उपटायला गवताची काडी नव्हती. शाळेची पांढरी गाडी आली की ते कमरेवर हात ठेवून सरळ व्हायचे. गाडीतून कुवाजिमा हसून मान लववायचे आणि पुढे जायचे. तिसऱ्या दिवशी मिनेसान दुकानात आल्या. “तो वरचा चहा दे. तो नव्हे गं, चांगला. पाहुणे यायचेत.” मी चांगला चहा दिला. समोरच्या दोरीवर पांढरे हातमोजे वाळत होते. दुकानाच्या काचेतून नको म्हटलं तरी दिसायचे.

आठवडा गेला. एका दुपारी सादासान आले, खिळे बघितले, ठेवले, पुन्हा बघितले.

“चिसे, मुख्याध्यापक इकडे येतात का गं?”

“कामात असतात हो फार.”

“हं. नवीन आहेत ना. दमानं घेतील.” मग जरा वेळानं, “विसरले तर नसतील?”

“मला काय माहीत, सादासान.”

ते खिळे न घेताच गेले. आता कुणी म्हणेल, म्हाताऱ्यानं स्वतः जाऊन सांगायचं की, मी येतो म्हणून. कसं सांगणार? ‘नाही’ म्हटल्यावर आपल्या पायांनी जाऊन ‘हो’ म्हणायचं म्हणजे टाकलेली थुंकी चाटायची. तसं केलेला माणूस आमच्या गावात मी पाहिलेला नाही. मिनेसाननी सांगितलं असतं तर नवऱ्याची अब्रू गेली असती. आणि गावाला तर एव्हाना सगळं कळलं होतं. टपालवाल्यापासून सरपंचाच्या सुनेपर्यंत सगळे दुकानात येऊन ‘अरेरे’ करून गेले. “कुणीतरी नव्या साहेबांच्या कानावर घालायला हवं,” प्रत्येक जण म्हणाला. कुणीतरी म्हणजे मी नव्हे, हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. साहेबांना सांगायचं तर तुम्ही चुकलात असं सांगावं लागतं, आणि ते तोंडावर कोण सांगणार! आम्ही फार सभ्य लोक आहोत. आमच्या सभ्यतेखाली एखादा चिरडला तर त्याचा आवाजही बाहेर येत नाही.

मग आली गावाची फिरती पाटी. पंचायतीचे कागद त्या पाटीला लावून एका घरातून दुसऱ्या घरात जातात. वाचलं की आपल्या नावापुढे शिक्का मारायचा आणि पाटी शेजारी द्यायची. याएगाशींनंतर ती माझ्याकडे येते. मिनेसान आणून देतात, पण त्या दिवशी सादासान स्वतः आले. वर क्रीडादिनाचा कार्यक्रम होता. शर्यतींची सुरुवात : क्रीडाशिक्षक. आणि सगळ्यात वर, उद्घाटनात : श्री. याएगाशी सादायोशी यांना आभारपत्र. त्यांनी आपल्या नावापुढे शिक्का मारला होता, अगदी सरळ, चौकटीच्या मधोमध.

“घे,” ते म्हणाले. “वाचलं मी.”

तेव्हाही वेळ गेली नव्हती. क्रीडादिनाला बारा दिवस होते. शाळा माझ्या दुकानापासून दोनशे पावलांवर. मी शिक्का मारला आणि पाटी पुढच्या घरी दिली.

क्रीडादिनाला ऊन लख्ख पडलं. सकाळी सहाला आतषबाजीचे बार झाले, म्हणजे कार्यक्रम नक्की. निळी ताडपत्री घेऊन गाव मैदानावर. शाळेत आता चौदाच मुलं, त्यामुळे प्रेक्षक धावणाऱ्यांच्या वीसपट. माझी ताडपत्री दर वर्षीप्रमाणे याएगाशींच्या शेजारी. मिनेसान एकट्याच बसल्या होत्या. सादासानना मान्यवरांच्या मांडवात खुर्ची दिली होती. पन्नास वर्षं दाराजवळ बसलेल्या माणसाला आज पहिल्या रांगेत, सरपंचाशेजारी. ते खुर्चीच्या कडेवर टेकले होते. टोपी घातली होती. हातमोजे नव्हते.

आभारपत्र वाचताना कुवाजिमांचा आवाज जड झाला. ढोंग नव्हतं त्यात, माणूस भला होता. “एकोणचाळीस वर्षांच्या अखंड सेवेनंतर याएगाशीसाननी स्वतःहून विश्रांती घेण्याचा निर्णय...” स्वतःहून! तीनशे माणसांना खरं माहीत होतं आणि तीनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. सादासाननी दोन्ही हातांनी कागद घेतला, वाकले, मागे सरले, पुन्हा वाकले. हात अजिबात कापत नव्हते.

मग शर्यती. शाळेनं नवं यंत्र आणलं होतं, बटण दाबलं की भोंगा वाजतो आणि दिवा लागतो. त्याच्या बॅटऱ्या माझ्याच दुकानातल्या. तरुण मास्तर भरभर उरकत होता. जागेवर-तयार-पीं! पोरं सुटली की नाही ते कळायच्या आत पुढची रांग. तिसरी-चौथीच्या शर्यतीत लाल टोपीची एक मुलगी भोंग्याच्या दोन पावलं आधी सुटली. सगळ्यांनी पाहिलं. मास्तर हसला आणि शर्यत तशीच जाऊ दिली. मांडवात सादासान खुर्चीवरून अर्धे उठले, उजवा हात वर गेला. सरपंचानं वळून पाहिलं. त्यांनी तो हात टोपीला लावला, जणू टोपीच सारखी करायची होती, आणि खाली बसले.

ती मुलगी पहिली आली. तिच्या आईनं माझ्यासारखंच पहाटे उठून जेवण केलं असणार. ती आई नाचत होती. आणि मला अठरा वर्षांत पहिल्यांदा शुहेईच्या खांद्यावरचा तो हात नीट आठवला. धरला होता, ओढला नव्हता.

दुपारी सादासान जेवायला ताडपत्रीवर आले. मिनेसाननी त्यांच्यापुढे डबा सरकवला, एक पुडा माझ्यापुढे. “घे गं, जास्तच झालंय.” मी नको म्हटलं, पुन्हा नको म्हटलं, आणि तिसऱ्यांदा घेतलं. मिनेसान पाणी आणायला उठल्या तेव्हा मी म्हटलं, “सादासान, त्या दिवशी ओसरीवर...”

“हो, तू होतीस नाही का,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “रॉकेल घेऊन आली होतीस.”

“नंतर साहेब माझ्याकडे...”

“तुलाही वाटलं असेल, म्हातारा दमला. वाटणारच. मी बोललोच तसं.” त्यांनी भाताचा मुटका मोडला, दोन भाग केले, खाल्ला मात्र नाही. “वाटलं ना तसंच?”

त्यांना सगळं माहीत होतं की नाही, मला सांगता येत नाही. पण त्यांनी मला पळवाट दिली होती, आणि मी त्या भल्या माणसासमोर तिच्यातून वाकून निघाले.

“हो,” मी म्हटलं. “मला तसंच वाटलं.”

“झालं तर मग,” ते म्हणाले. “जेव.”

चारला सगळं संपलं. लाल जिंकले की पांढरे, आता आठवत नाही. गाव ताडपत्र्या घड्या करायला लागलं. सादासान सवयीनं लाकडी खोकं उचलायला गेले. ते यंदा कुणी बाहेर काढलंच नव्हतं. तसेच परत आले आणि मिनेसानच्या ताडपत्रीचं दुसरं टोक धरलं. तेवढ्यात कुवाजिमा वही घेऊन आले, उन्हानं लाल झालेले, आनंदात.

“याएगाशीसान, आज तुम्ही आलात, फार बरं वाटलं. एक विचारू का? तुम्ही दमलेले आहात ते मला माहीत आहे, आग्रह नाही. पण पुढच्या वर्षी खालच्या शेतात गाड्या लावून घ्यायला कुणीतरी...”

“हो,” सादासान म्हणाले. “करतो.”

मिनेसानच्या हातातलं ताडपत्रीचं टोक सुटलं. आजूबाजूच्या चार घरांचे हातही थांबले. एक्क्याऐंशी वर्षांत त्या माणसानं पहिल्याच विचारण्याला ‘हो’ म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

“नाही, म्हणजे, सावकाश विचार करून सांगा...” कुवाजिमा गोंधळले.

“विचार केला. करतो मी. लिहा,” सादासान म्हणाले, आणि वहीवर पेन टेकेपर्यंत, साहेब आपला प्रश्न मागे घेतील या भीतीनं, त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.